डेथ मेटल ऐकायला कुठून सुरुवात करावी? एका ड्रमरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेटालिका, स्लेअर, आयर्न मेडन हे हेवी मेटल बँड ऐकून वर्षं झाली, आता त्याच घराण्यातल्या जास्त जड, गुरगुरत्या डेथ मेटलकडे वळायचंय, पण काहीही लावलं तरी सगळं एकच वाटतं. पुढे गुरगुर, मागे धडधड. कोणते अल्बम घ्यावेत, आणि ही शैली बदलत गेली ती कशी?

मी वीस वर्षं पुण्यात ड्रम्स वाजवतोय. त्यातली बहुतेक याच संगीतात गेली. अलीकडे कोथरूडमधल्या एका छोट्या खोलीत इतर बँडांचं रेकॉर्डिंगही करतो. त्यामुळे हे उत्तर ड्रमच्या मागे बसणाऱ्या माणसाचं आहे, समीक्षकाचं नाही. आणि ‘सगळं एकच वाटतं’ हे म्हणणं मला अगदी रास्त वाटतं, कारण ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांनाही पहिल्या दिवसापासून हीच अडचण होती. इतक्या खालच्या सुरात आणि इतक्या वेगात वाजवलेलं ऐकू कसं येणार? माझ्या मते डेथ मेटलचे मोठे अल्बम म्हणजे या एका अडचणीची वेगवेगळी उत्तरं आहेत. कुणी आवाज धुऊन स्वच्छ केला, तर कुणी गढूळपणालाच सौंदर्य मानलं. हा धागा हातात धरला की अल्बम एकमेकांपासून सुटे व्हायला लागतात.

पुण्यातल्या माणसाला ही अडचण समजावणं सोपं आहे. विसर्जनाला अरुंद रस्त्यात पन्नास ढोल एकदम वाजतात तेव्हा ढोलाचा एकेक ठोका वेगळा कळत नाही. छातीवर नुसता दाब जाणवतो. पथक एका लयीत राहतं ते ताशाच्या कडक तर्रीमुळे, कारण तो वरचा आवाज ढोलांच्या घुमण्यातून आरपार येतो. डेथ मेटलमध्ये गिटारच्या तारा खाली उतरवलेल्या, बेस गिटार त्याच्याही खाली, आणि डबल बेस ड्रमवर (दोन पायांनी वाजवायचा मोठा ड्रम) दोन पाय सेकंदाला बारा-तेरा ठोके मारतायत. तिघंही त्याच खालच्या पट्ट्यात गर्दी करतात. आमच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग 2006 साली एका स्टुडिओत झालं. तिथे एरवी गाणी-भजनं व्हायची. माझा बेस ड्रम त्यांनी मऊ, गोल आवाजात घेतला. एकटा ऐकताना तो झकास वाटत होता. गिटार चढवल्या आणि तो पूर्ण नाहीसा झाला. तीन महिने पायांवर घेतलेली मेहनत त्या टेपवर ऐकूच येत नव्हती. त्या दिवशी मला कळलं की या संगीताला ढोल हवाच, पण ढोलाच्या आतच ताशा बसवावा लागतो.

आता तुमच्या ओळखीच्या दारातूनच आत जाऊ. स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’ 1986 चा, जेमतेम 29 मिनिटांचा. निर्माता रिक रुबिनने आवाजातली घुम जवळजवळ काढून टाकली. इतक्या वेगात प्रत्येक ठोक्यामागे शेपूट राहिलं तर पुढचा ठोका त्यात बुडतो, म्हणून सगळं कोरडं ठेवलं. अडचणीचं हे पहिलं नीट उत्तर. स्लेअर थ्रॅश होते, म्हणजे डेथ मेटलच्या आधीचं वेगवान मेटल, डेथ मेटल नव्हते, पण पुढच्या पिढीने हाच अल्बम घोटून घोटून ऐकला.

नाव आलं ते पझेस्ड या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बँडकडून. ‘डेथ मेटल’ नावाचा त्यांचा डेमो 1984 चा, आणि ‘सेव्हन चर्चेस’ हा अल्बम 1985 चा. अल्बमच्या शेवटच्या गाण्याचं नावही ‘डेथ मेटल’च. पोरं शाळकरी वयाची होती, आणि वाजवण्यात धांदल आहे, पण जेफ बेसेराचा तो ओरडता-खरडता आवाज थ्रॅशच्या पलीकडचा आहे. हा अल्बम एकदा ऐकावा, मूळ कळतं म्हणून. परत परत ऐकाल असं वाटत नाही.

फ्लोरिडात चक शुल्डिनरने 1983 मध्ये मँटस नावाने बँड काढला, तोच पुढे डेथ झाला. ‘स्क्रीम ब्लडी गोर’ 1987 मध्ये आला तेव्हा चक वीस वर्षांचा होता. गिटार, बेस आणि गाणं त्याचं एकट्याचं, ड्रम्सवर क्रिस रायफर्ट. पहिला पूर्ण डेथ मेटल अल्बम बहुतेक जण यालाच म्हणतात, आणि मीही. इथून दोन वाटा फुटल्या, त्याही याच दोघांपासून. रायफर्टने ऑटोप्सी काढला आणि ‘सेव्हर्ड सर्व्हायव्हल’, ‘मेंटल फ्युनरल’ असे चिखलात लोळणारे, संथ, बुरसट आवाजाचे अल्बम केले. चक उलट्या दिशेला, अधिकाधिक स्वच्छतेकडे गेला. एकाच रेकॉर्डवरच्या दोन माणसांनी या शैलीची दोन टोकं गाठावीत याचं मला अजून अप्रूप वाटतं.

चकच्या वाटेवर टॅम्पा शहर लागतं, आणि तिथला मोरिसाउंड स्टुडिओ. जिम आणि टॉम या मॉरिस बंधूंची ती जागा. स्कॉट बर्न्स तिथला ध्वनिमुद्रक, पुढे निर्माता. यांनी काय केलं ते मी माझ्या खोलीत अजून रोज वापरतो. बेस ड्रमच्या आवाजात तळाची धडक ठेवायची, मधला फुगारा काढायचा, आणि वर तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास एक टकटक उचलायची. ती टकटक म्हणजे बीटर, पायाने हलणारा टोला, कातड्यावर आपटतानाचा आवाज. हाच ढोलातला ताशा. गिटारलाही मधला भाग कमी करून कडा दिली. त्यामुळे 1990 च्या आसपास जगभरचे बँड फ्लोरिडाला जाऊ लागले. इंग्लंडहून नेपाम डेथ, ब्राझीलहून सेपल्टुरा, न्यूयॉर्क राज्यातून कॅनिबल कॉर्प्स आणि सफोकेशन, सगळे या एका स्टुडिओत येऊन गेले. ‘टॅम्पाचा साउंड’ म्हणतात तो हाच. पुढे सगळे बँड एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटू लागले, ही तक्रारही इथूनच सुरू झाली, आणि तीही खोटी नाही.

मोरिसाउंडमधला एकच अल्बम घ्यायचा तर मॉर्बिड एंजलचा ‘आल्टर्स ऑफ मॅडनेस’, 1989. माझ्या लेखी अख्ख्या शैलीतला एकच निवडायचा तरी हाच. पहिलं गाणं ‘इम्मॉर्टल राइट्स’ सुरू होतं ते उलट्या फिरवलेल्या रिफने, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याने. आवाज आत ओढल्यासारखा येतो, आणि मग तीच रिफ सुलट कोसळते. ट्रे अझागथॉथच्या गिटार सोलोंना सरळ सुरावट नाही. तारा वितळतायत असं वाटतं. पण मी ऐकतो पीट सँडोव्हालला. तो लॉस एंजलिसच्या टेररायझर या ग्राइंडकोर, म्हणजे पंकमधून निघालेल्या अतिवेगवान शैलीच्या, बँडमधून आला होता. तोवर तो एका पायानेच वाजवायचा, डबल बेस त्याने मॉर्बिड एंजलमध्ये आल्यावर शिकून घेतला. आणि त्या शिकाऊ पायांनी त्याने जे करून ठेवलं ते पुढच्या सगळ्या ड्रमरना शिकावं लागलं.

ब्लास्ट बीट म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण ‘मागे धडधड’ म्हणताय ते बहुतेक वेळा हेच असतं. उजवा हात झांजेवर आणि त्याच्या बरोबरीने पाय बेस ड्रमवर, डावा हात स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर मधल्या जागांत. एक इथे, एक तिथे, बस. मी विद्यार्थ्यांना हे मेट्रोनोमवर 80 ला लावून बसवतो. तबल्याचा कायदा ठाय लयीत बसवतात तसंच. या वेगाला ते जवळजवळ पोल्काच्या ठेक्यासारखं वाटतं आणि पोरं हसतात. मग पाच-पाचने वाढवत वाढवत सहा-आठ महिन्यांनी 200 च्या पुढे गेलं की एक वेगळीच गोष्ट घडते. ठोके ठोके राहत नाहीत, त्यांचा एक सपाट पडदा होतो. आणि त्या पडद्यापुढे गिटारची सुरावट उलट संथ वाटायला लागते. मेख इथे आहे. ब्लास्ट बीट चालू असताना ठोके मोजायला जाऊ नका, गिटार ऐका. ती बहुधा निम्म्या किंवा पाव वेगाने काहीतरी सांगत असते. ‘सगळं एकच वाटतं’ यावर यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडे नाही.

वेगाची अडचणच नको असेल तर मात्र ओबिच्युअरीपासून सुरुवात करा. ‘कॉज ऑफ डेथ’, 1990. त्यांचा जोर संथ, डोलणाऱ्या रिफवर आहे. जॉन टार्डीच्या गाण्यात सुरुवातीच्या काळात कितीतरी ठिकाणी नीट शब्दच नव्हते, नुसते उद्गार. म्हणून ‘काय म्हणतो ते कळत नाही’ ही चिंताही सोडता येते. त्याचा आवाज हे एक वाद्य आहे. या गुरगुरण्याबद्दल लोकांना वाटतं की घसा फाडून ओरडतात. चांगले गायक तसं करत नाहीत. मुख्य स्वरतंतूंच्या वर ज्या जाड घड्या असतात त्या आवळून कंपित करतात, आणि जोर पोटातून, श्वासाचा. घसा ताणून गाणारा पोरगा दोन गाण्यांत बसतो, हे मी सरावाच्या खोलीत पुष्कळदा पाहिलंय.

चककडे परत येऊ. डेथचा ‘ह्यूमन’ 1991 चा. सिनिक या बँडचे पॉल मॅसविडाल आणि शॉन रायनर्ट त्याने सोबत घेतले. दोघंही जॅझ कोळून प्यालेले, आणि विशीच्या उंबरठ्यावरचे. पहिल्या गाण्याच्या तोंडाला रायनर्टचे ड्रम्स लांबून जवळ येत जातात. दोन पायांची सलग चाल, वर हातांचे पलटे. ते अर्धं मिनिट मी किमान हजार वेळा ऐकलं असेन. डेथ मेटलमध्ये ड्रमर रिफच्या मागे पळायचं सोडून रिफशी बोलायला लागला तो इथे. त्याच वर्षी फ्लोरिडाच्याच एथिइस्टचा ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ आला, आणि 1993 मध्ये खुद्द सिनिकचा ‘फोकस’. ‘टेक्निकल’ म्हणतात ती शाखा या तिघांची. विषयही बदलले. पहिल्या अल्बममधली प्रेतं आणि भुतं मागे पडून चक माणसांबद्दल लिहू लागला होता. 1995 च्या ‘सिंबॉलिक’मध्ये तर मेडनप्रेमी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल इतकी सुरावट आहे. तुमच्यासाठी ‘कॉज ऑफ डेथ’नंतर हाच. चक 13 डिसेंबर 2001 ला मेंदूच्या गाठीने गेला. चौतीस वर्षांचा होता.

आता दुसरं टोक, स्टॉकहोम. मोरिसाउंडने आवाज धुतला, सनलाइट स्टुडिओत तोमास स्कोग्सबेरीने तो रंध्यावर घासला. निहिलिस्ट नावाचा पोरसवदा बँड 1989 मध्ये फुटला आणि त्यातून एंटूम्ड झाला. त्यांचा ‘लेफ्ट हँड पाथ’ 1990 चा. गिटारचा तो आवाज बॉसच्या एचएम-टू या पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डबीचा आहे. काळी डबी, केशरी अक्षरं, चार बटणं. चकचकीत हेअर-मेटल वाजवणाऱ्यांसाठी केलेलं ते स्वस्तातलं पेडल होतं. निहिलिस्टच्या लेफ कुझ्नरने चारही बटणं टोकापर्यंत फिरवली, आणि लाकूड कापायची मशीन सुरू व्हावी तसा आवाज आला. माझ्या खोलीत एक आहे. शिकायला येणाऱ्या गिटारवाल्या पोरांना ते द्यायचं, बटणं टोकाला नेऊन एकच पॉवर कॉर्ड वाजवायला सांगायचं. सगळ्यांचा चेहरा सारखाच होतो. गंमत म्हणजे त्या पेडलमध्ये मधला भाग, जो टॅम्पावाले काढून टाकत होते, तोच उसळून वर येतो. गढूळ आहे, पण त्या गढूळपणाला धार आहे, म्हणून तो ऐकू येतो. बॉसने हे पेडल 1991 मध्ये बंद केलं होतं. मागणी इतकी टिकली की तीस वर्षांनी, 2021 मध्ये, नव्याने काढावं लागलं. ‘लेफ्ट हँड पाथ’च्या पहिल्याच गाण्यात अर्ध्यावर सगळं थांबतं आणि एक उदास, संथ सुरावट सुरू होते. भीतिपटाच्या शेवटी लागावी तशी. तिथपर्यंत थांबा. डिसमेंबरचा ‘लाइक अॅन एव्हर फ्लोइंग स्ट्रीम’, 1991, हे त्याचं धाकटं भावंड. काही दिवस मला तो जास्त आवडतो.

स्वीडनच्याच गोथेनबर्ग शहरात वेगळं चाललं होतं. अॅट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि डार्क ट्रँक्विलिटीचा ‘द गॅलरी’, दोन्ही 1995, इन फ्लेम्सचा ‘द जेस्टर रेस’ 1996. मेडनची जोडगिटार आणि डेथ मेटलचा गळा. यांच्यापासून पुढे अमेरिकेतल्या मेटलकोरने, म्हणजे मेटल आणि हार्डकोर पंकच्या मिश्रणाने, इतकं उचललं की आज ते अल्बम ओळखीचे वाटतात. पहिल्यांदा आले तेव्हा ते तसे वाटले नव्हते.

इंग्लंडचं खातं निराळं. नेपाम डेथचा ‘स्कम’ 1987 चा, तो ग्राइंडकोर, म्हणजे पंकच्या घरातला. लिव्हरपूलचे कार्कस वैद्यकीय पुस्तकातल्या शब्दांनी गाणी भरायचे, आणि तिथून 1993 च्या ‘हार्टवर्क’पर्यंत आले, जो आजही रेकॉर्डिंगचा नमुना म्हणून मी लावतो. कॉव्हेंट्रीच्या बोल्ट थ्रोअरने वेग बाजूला ठेवून रणगाड्याची चाल घेतली. त्यांच्या बेसवर जो बेंच होती, त्या काळी या जगात जवळजवळ एकटीच बाई, आणि तिचा तो खरखरीत बेस वगळला तर बोल्ट थ्रोअर उरत नाही.

कॅनिबल कॉर्प्सबद्दल विचारणा होतेच. सगळ्यात जास्त नाव त्यांचं झालं. अॅलेक्स वेब्स्टरचा बेस मी मनापासून मानतो, आणि 1996 नंतर जॉर्ज फिशर गायला लागल्यापासून बँड वाजवण्यात फार पुढे गेला. पण सुरुवातीच्या अल्बममधली बायकांवरच्या हिंसेची वर्णनं मला तेव्हाही सहन झाली नाहीत, आताही होत नाहीत. भीतीचं चित्र काढणं आणि एखाद्या देहाचा नुसता चोथा करणं यात फरक आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी ती गाणी बसवायला देत नाही. मुलांनाही नाही.

त्याऐवजी सफोकेशन ऐका. ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’, 1991. लाँग आयलंडची ही पोरं मोरिसाउंडला गेली, पण त्यांचं गणित वेगळंच होतं. आधी अंगावर येणारा गुंतागुंतीचा वेग, आणि मग एकदम लय निम्म्यावर, जड, थबकत. ‘लीज ऑफ इन्व्हेरॅसिटी’ या गाण्यातला तो भाग पुढे ‘स्लॅम’ नावाच्या अख्ख्या उपशाखेचं बी ठरला. माइक स्मिथचे ड्रम्स ऐकताना मला अजून वही-पेन्सिल घ्यावी लागते.

याच वंशातला आपल्याकडचा बँड म्हणजे मुंबईचा गटस्लिट. 2013 चा ‘स्क्यूअर्ड इन द स्यूअर’ आणि 2017 चा ‘अॅम्पुथिएटर’ हे अल्बम बाहेरच्या कुठल्याही बँडशेजारी ठेवा, आवाजात कमी पडत नाहीत. भयानक मौतचा ‘मॅन’ 2014 चा. त्याला निव्वळ डेथ मेटल म्हणता येणार नाही, पण त्यातली मोडतोड ऐकण्यासारखी आहे. आणि साहिल मखिजाच्या डेमॉनिक रिझरेक्शनने 2017 मध्ये ‘दशावतार’ केला, ज्यात गाण्यांची नावंच मत्स्य, कूर्म, वराह अशी आहेत. आमच्या पिढीला साहिलचा फायदा वेगळाच झाला. त्याने स्वतःचं लेबल काढलं आणि इतर बँडांचं रेकॉर्डिंगही केलं. हे संगीत आपल्याकडे नीट रेकॉर्ड होऊ शकतं हे आम्हाला तिथून कळलं.

1993 ते 1995 हा भरतीचा काळ आणि लगेच ओहोटीचाही. मॉर्बिड एंजल, कार्कस, एंटूम्ड अशा बँडांचे अल्बम अमेरिकेत मोठ्या कंपन्यांमार्फत निघाले, आणि दोन-तीन वर्षांत कंपन्यांनी हात काढून घेतले. तरुणांचं लक्ष नॉर्वेच्या ब्लॅक मेटलकडे गेलं. मला वाटतं, सगळ्यात धाडसी काम या पडत्या काळात झालं. कॅनडातल्या क्यूबेकच्या गोरगट्सना लेबलने सोडून दिलं होतं. कुणी छापेल की नाही माहीत नसताना लुक लमे आणि मंडळींनी काही वर्षं एक संगीत रचत ठेवलं, आणि ‘ऑब्स्क्युरा’ 1998 मध्ये बाहेर आला. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गिटार बिघडलीय असं वाटेल. तारा खरवडतात, किंचाळतात, सूर एकमेकांना टेकत नाहीत. मी दोनदा अर्ध्यावर बंद केला होता. तिसऱ्यांदा रात्री एकटा बसून, कागदावर मात्रा लिहीत ऐकला, तेव्हा दिसलं की त्यात एकही गोष्ट सैल नाही. तो घाईने ऐकू नका. वर्षभराने घ्या. आज न्यूझीलंडचे अल्सरेट किंवा असे कितीतरी बँड जे करतायत, त्याची मुळं तिथे आहेत.

2000 नंतरचं मी भराभर सांगतो. पोलंडचे डिकॅपिटेटेड, दक्षिण कॅरोलिनाचे नाइल, दोघंही अफाट वेगवान आणि काटेकोर. पण संगणक आल्यावर ड्रम्सचा प्रत्येक ठोका रेषेवर ओढून बसवता येऊ लागला, बेस ड्रमच्या जागी तयार नमुना चिकटवता येऊ लागला. ऐकू येण्याची अडचण सुटली आणि माणूस ऐकू येईनासा झाला. मीही हे करून दिलंय, बँडच्या आग्रहाखातर, आणि ते अल्बम आता मला लावावेसे वाटत नाहीत.

म्हणून गेल्या काही वर्षांतली उलटी चाल मला मोलाची वाटते. टोरोंटोचा टूम मोल्ड घ्या, 2018 चा ‘मॅनर ऑफ इन्फिनिट फॉर्म्स’. डेन्व्हरचा ब्लड इनकँटेशन घ्या. त्यांच्या 2019 च्या ‘हिडन हिस्टरी ऑफ द ह्यूमन रेस’मध्ये चारच गाणी आहेत, शेवटचं अठरा मिनिटांचं. ड्रम्स खोलीत वाजतायत हे कळतं, ठोक्यांचं वजन कमीजास्त होतं, आणि तरी प्रत्येक रिफ वेगळी ऐकू येते. 2024 चा ‘अॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ त्यांनी बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केला, त्यात सत्तरच्या दशकातला लांबलचक, गुंतागुंतीचा प्रोग रॉक उघड उघड शिरलाय.

तर क्रम असा धरा: ‘कॉज ऑफ डेथ’, ‘सिंबॉलिक’, ‘लेफ्ट हँड पाथ’, ‘आल्टर्स ऑफ मॅडनेस’, ‘ह्यूमन’, ‘एफिजी’, मग ‘हिडन हिस्टरी’. एका आठवड्याला एकच. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यावर बेस ड्रमची नुसती टकटक येते आणि ढोल गायब होतो. साधे का होईना, कान झाकणारे हेडफोन घ्या. पहिल्यांदा फक्त गिटार ऐका, दुसऱ्यांदा फक्त ड्रम्स. ‘आल्टर्स’ला पोचाल तेव्हा ‘चॅपल ऑफ घूल्स’पाशी थोडं थांबा. त्यात वेग उतरतो, मागे पाय चालू राहतात आणि गिटार त्यावर रेंगाळते. त्या जागी दोन्ही वेगवेगळं ऐकू आलं, तर पुढचा अल्बम लावा. नाही आलं, तर तेच गाणं उद्या परत.